घरगुती प्रवाळ मत्स्यालय

जिवंत प्रवाळ, त्यांच्या आसऱ्याने राहणारे अपृष्ठवंशी जीव आणि मोजके मासे खाऱ्या पाण्यात एकत्र जगवण्यासाठी उभारलेली काचेची टाकी. हौशी लोक तिला ‘रीफ टँक’ म्हणतात. नुसते समुद्री मासे पाळण्यापेक्षा हे काम वेगळे आहे. माशाला पाण्यातला थोडाफार बदल सोसतो. प्रवाळ मात्र एका जागी चिकटलेला असतो, भोवतालच्या पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतो आणि बऱ्याच जाती आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांनी प्रकाशात तयार केलेल्या अन्नावर मुख्यतः जगतात. म्हणून पाणी, प्रकाश आणि प्रवाह महिनोन्महिने एकसारखे राखणे हाच या छंदाचा गाभा.

हा छंद जिथे नुकता रुजतो आहे तिथे माहिती सहज पोहोचते. अडते ते पुरवठ्यापाशी. मीठ संपले तर पुन्हा केव्हा मिळेल, पंप जळाला तर बदली कुठून आणायचा, मोजणी चुकते आहे हे कोण सांगणार, हे प्रश्न तिथे रोजचे असतात. अशा ठिकाणी टाकीचा आकार आणि त्यातले जीव ठरवताना ‘काय विकत घेता येईल’ यापेक्षा ‘काय अखंड मिळत राहील’ हे आधी पाहावे लागते. उत्तम परदेशी यंत्रसामग्री आणूनही पुढे सुट्या भागांअभावी टाकी बंद पडते, ती याच कारणाने.

इतिहास : लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यात समुद्री जीवही होते. प्रवाळ टिकवणे मात्र पुढची शंभर वर्षे घरगुती हौशींना फारसे साधले नाही. १९५६ मध्ये न्यू कॅलेडोनियातील नूमेआ येथे रने काताला यांनी सुरू केलेल्या मत्स्यालयात समुद्राचे ताजे पाणी सतत खेळते ठेवून प्रवाळ जगवले जात. निळसर अतिनील प्रकाशात झळकणारे जिवंत प्रवाळ तिथून जगाच्या नजरेत आले. घरच्या टाकीसाठी महत्त्वाचे पाऊल इंडोनेशियातील ली चिन एंग यांनी टाकले. समुद्रातले पाणी, जीवजंतूंनी भरलेले सच्छिद्र खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर त्यांनी टाक्या चालवल्या आणि १९६१ मध्ये त्याविषयी लिहिले. छंद नवा असलेल्या प्रदेशातल्या माणसाने ही गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी, कारण आज सगळीकडे वापरली जाणारी ‘लाइव्ह रॉक’ची पद्धत यंत्रांची रेलचेल नसलेल्या ठिकाणीच जन्मली. पुढे जर्मनीत जिवंत खडक, प्रखर प्रकाश आणि प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली सेंद्रिय घाण काढणारे यंत्र) यांची जोड घालून ‘बर्लिन पद्धत’ घडली.

पाणी आणि मीठ : समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत सोडियम व क्लोराइड सर्वाधिक. शिवाय सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर अनेक घटक ठरलेल्या प्रमाणात. म्हणून जेवणातले मीठ पाण्यात विरघळवून समुद्र तयार होत नाही. त्यात प्रवाळाला लागणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि क्षारधारकता (अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सावरून धरण्याची पाण्याची क्षमता) नसतात. मत्स्यालयासाठीचे मिश्रण लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम लागते आणि ते वेगळ्या पिंपात पंप लावून पूर्ण विरघळवून मगच टाकीत घालायचे. गोडे पाणी आरओ-डीआय (विरघळलेले क्षारही काढून टाकणाऱ्या) यंत्रातून गाळलेले असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन, फॉस्फेट, सिलिकेट आणि विशेषतः तांबे प्रवाळ-कोळंबीच्या मुळावर येतात.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांना समुद्राचेच पाणी वापरता येते. ते नदीमुखे, बंदरे आणि सांडपाण्यापासून दूर, मोठ्या पावसानंतरचे दिवस टाळून आणावे, गाळावे आणि क्षारता (खारेपणा) मोजल्याशिवाय वापरू नये.

क्षारमापक रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्याला जुळवला की काम झाले असे अनेकांना वाटते. तो वरच्या टोकाला चुकू शकतो. जुळवणीचे तयार द्रावण मिळत नसेल तर घरी करता येते : शुद्ध सोडियम क्लोराइड ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ ग्रॅम क्षारांच्या समुद्रपाण्याइतका असतो. अचूक तराजू एवढीच यातली अट, आणि नव्या ठिकाणी या एका युक्तीने बरेच प्रवाळ वाचतात.

बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालायची.

टाकी ‘पिकणे’ : माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. खडकांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही फौज तयार व्हायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात; कोरडा खडक वापरला तर अधिकही. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय मासा सोडू नये. त्यानंतरही तपकिरी डायटम आणि हिरव्या शैवालाचे पट्टे काही काळ येतात-जातात, त्याने घाबरून औषधे ओतण्याचे कारण नाही.

रसायनांचा हिशेब : पाण्याचे तापमान २४ ते २७ अंश सेल्सियस, कॅल्शियम लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम, मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम आणि क्षारधारकता ७ ते ११ डीकेएच (ती मोजण्याचे जर्मन अंश), एवढ्या चौकटीत बहुतेक प्रवाळ सुखाने वाढतात. चौकटीतला नेमका आकडा कोणता यापेक्षा तो हलत नाही ना, हे अधिक मोलाचे. क्षारधारकता एका दिवसात दोन-तीन अंशांनी वरखाली झाली तर अ‍ॅक्रोपोरासारख्या नाजूक जातींचे मांस सांगाड्यावरून सुटते.

सांगाडा बांधताना प्रवाळ हे घटक ठरलेल्या प्रमाणात उचलतात : क्षारधारकता २.८ डीकेएच उतरली की कॅल्शियम सुमारे २० मिलिग्रॅमने उतरते. ही भरपाई महागड्या बाटल्यांतूनच करावी लागते असे नाही. चुन्याची निवळी, म्हणजे शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे स्वच्छ द्रावण, दोन्ही घटक एकदम देते. जर्मन हौशींनी ती अनेक वर्षे वापरली आहे. तिचा पीएच १२ च्या वर असल्यामुळे उडालेल्या पाण्याच्या जागी ती थेंबाथेंबानेच, शक्यतो रात्री, सोडावी. एकट्या क्षारधारकतेसाठी खाण्याचा सोडा पुरतो : १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोड्याने ती साधारण १ डीकेएच वाढते. चुना आणि सोडा कुठेही मिळतात, आणि म्हणूनच आयात द्रावणांपेक्षा नव्या हौशीने आधी हे शिकावे असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

प्रकाश आणि प्रवाह : निळ्या छटेचे एलईडी दिवे आता सर्रास वापरले जातात. नव्या दिव्याखाली प्रवाळ एकदम ठेवू नयेत. जादा प्रकाशाने ते आतली शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. वेव्हमेकरने पाणी सतत, पण उलटसुलट दिशांनी हलते राहावे.

वीज आणि उष्णता : टाकीचा सर्वांत मोठा शत्रू बहुधा खंडित वीज. पंप थांबले की गच्च भरलेल्या टाकीत काही तासांत प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा साधा हवेचा पंप आधी घ्यावा, दिवे मागून. उष्ण हवेत पृष्ठभागावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी थंड होते. दमट हवेत मात्र हा उपाय तोकडा पडतो आणि चिलर लागतो.

जीवांची निवड : सुरुवातीला सार्कोफायटॉन, डिस्कोसोमा, झिनिया असे मृदू किंवा सांगाडा न बांधणारे जीव घ्यावेत. माशांत प्रजननकेंद्रांत वाढवलेले विदूषक मासे उत्तम. ते तयार खाद्य खातात आणि त्यांना समुद्रातून पकडून आणावे लागत नाही. फिलिपिन्समध्ये १९६० च्या दशकापासून सायनाइडने मासे गुंगवून पकडण्याची प्रथा पसरली; तिने प्रवाळही मरतात आणि असा मासाही अनेकदा काही आठवड्यांत दगावतो. नवा मासा वेगळ्या टाकीत ठेवून पाहावा. ‘क्रिप्टोकॅरिऑन’ हा पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचे औषध तिथे देता येत नाही. सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

तुकड्यांची देवाणघेवाण : बहुतेक वसाहती प्रवाळांची फांदी कापून चिकटवली की नवी वसाहत वाढते. हौशी तिला ‘फ्रॅग’ म्हणतात. बर्लिनचे डीट्रिख श्ट्युबर यांच्या टाकीत वाढलेल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हातोहात युरोपभर गेले. छंद नवा असताना ही देवाणघेवाण केवळ स्नेहाची बाब राहत नाही. एका टाकीत वीज जाऊन सारे मेले तरी ती जात दुसऱ्याच्या घरी शिल्लक असते, आणि समुद्रातून नवा प्रवाळ उपटावा लागत नाही. महागडा प्रकाशमापकही चौघांत एक पुरतो. सर्व दगडी प्रवाळ ‘साइट्स’ या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्याने सीमेपलीकडून आणताना परवाना लागतो; शिवाय स्थानिक वन्यजीव कायदे अनेक देशांत याहून कडक आहेत. विक्रेत्याने कागद दाखवले नाहीत तर खरेदी करू नये.

सुरक्षितता : पॅलिथोआ आणि काही झोअँथस या झोअँथिड गटातल्या (प्रवाळांच्या नात्यातल्या, बटणांसारख्या दिसणाऱ्या) जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. त्यांना हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरावा. असे जीव चिकटलेला खडक उकळू नये, त्यावर गरम पाणी ओतू नये. वाफेतून विष पसरून घरातली सगळी माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. यावर नेमका उतारा नाही. प्रवाळ कापल्यानंतर ताप, धाप किंवा छातीत दुखणे जाणवले तर घराबाहेर मोकळ्या हवेत यावे आणि डॉक्टरांना झोअँथिड हाताळल्याचे स्पष्ट सांगावे.