गरिबी सारखी, वस्ती वेगळी

‘हे घाटी लोक असेच!’ मडगावचा मोती डोंगर, वास्कोजवळचं झुआरीनगर किंवा चिंबलचं इंदिरानगर यांचा विषय निघाला की गोव्यात कोणीतरी हे बोलतंच. कर्नाटकातून, उत्तरेकडून आलेल्या मजुरांची दाट वस्ती असलेले हे भाग. शाळा अर्धवट सोडलेली पोरं, दारू, मारामाऱ्या, सगळ्याचं खापर तिथल्या माणसांच्या मुळावर फुटतं. अमेरिकेत काळ्यांच्या वस्त्यांबद्दल नेमकं हेच बोललं जाई, आणि तिथल्या समाजशास्त्रज्ञांनी ते तपासायला घेतलं.

रॉबर्ट सॅम्पसन आणि विल्यम ज्युलियस विल्सन यांनी १९९५ मध्ये एक अडचण मांडली. गरीब गोरे आणि गरीब काळे यांची तुलना करायची तर दोघांची वस्ती सारखी हवी, आणि तशी जोडीच सापडत नाही. गोऱ्यांच्या सर्वांत वाईट वस्त्यासुद्धा काळ्यांच्या सरासरी वस्तीपेक्षा बऱ्याच बऱ्या निघाल्या. गरीब गोरं कुटुंब बहुधा मध्यमवर्गीय शेजारात विखुरलेलं, गरीब काळं कुटुंब गरिबांच्याच गराड्यात. हे आपोआप झालं नव्हतं. १९३० च्या दशकातल्या सरकारी नकाशांत काळे मोहल्ले लाल रंगवले गेले होते आणि अशा भागांत घरकर्ज मिळणं मुश्कील होतं. म्हणजे वर्ग सारखा दिसला तरी वंशाने पत्ता आधीच ठरवून टाकलेला.

आता गोव्याकडे बघा. बाहेरून आलेल्या मजुराएवढीच मजुरी मिळवणारा गोंयकार बहुधा आपल्या वाड्यावरच राहतो. तो मुंडकार (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जागेत घर असलेला) असला तर त्याच्या घराला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. रेशनकार्ड आजोबांपासूनचं, पंच ओळखीचा, शेजारी एखादा तारवटी (बोटीवर नोकरी करणारा) नाहीतर शाळामास्तर. पोराच्या नोकरीसाठी शब्द टाकायला कोणीतरी असतं. लमाणी किंवा बिहारी मजुराला खोली बघायला गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘खंयचे तुमी?’ (कुठले तुम्ही?) खोली मिळते ती भिंतीला भिंत लागलेल्या चढावर. घराला नंबर नसला तर वीज-पाण्याच्या जोडणीसाठी खेटे सुरू, आणि शेजारी पाजारी सगळे त्याच अवस्थेत. दोघांचं उत्पन्न एकच म्हणून ‘तो सुधारतो, हा का नाही?’ असं विचारणं मला तरी अर्धवट हिशेब वाटतो.

वस्तीचा परिणाम खरोखर किती, हे एका मोठ्या प्रयोगाने मोजलं. १९९४ पासून अमेरिकेतल्या पाच शहरांत सरकारी चाळींमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांत सोडत काढली गेली. काहींना कमी गरिबीच्या भागात घर घेण्यासाठी भाड्याचं व्हाउचर मिळालं, काहींना नाही. चिठ्ठीच निघाल्यामुळे ‘हुशार होते तेच बाहेर पडले’ ही शंका उरली नाही. आई-बापांची कमाई वाढली नाही, मात्र त्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं. सुरुवातीचे निष्कर्ष फिकेच होते. मुलं मोठी झाल्यावर राज चेट्टी, नेथॅनिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थतज्ज्ञांनी आकडे पुन्हा काढले. तेराव्या वर्षाआधी ज्यांनी मुक्काम हलवला, त्यांची पंचविशीतली कमाई सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त भरली. तेराव्या वर्षानंतर हललेल्या मुलांना फायदा झाला नाही, उलट थोडं नुकसानच दिसलं. लहानपणाची जितकी वर्षं चांगल्या वस्तीत, तितका लाभ.

हे ऐकून ‘मग पाडा झोपड्या’ म्हणणारेही भेटतात. शिकागोत १९९० च्या दशकात सरकारी इमारती खरंच पाडल्या, आणि तिथून हललेल्या मुलांची पुढची कमाई सुमारे १६ टक्क्यांनी जास्त निघाली. पण त्या कुटुंबांना दुसरीकडे राहण्यासाठी भाड्याची व्हाउचरं दिली होती. वास्कोच्या बायणा भागातल्या वस्तीवरही २००४ च्या जूनमध्ये बुलडोझर फिरले. असं व्हाउचर आपल्याकडे नाही, त्यामुळे घर गेलेल्या माणसाला परवडणारी खोली अशाच दुसऱ्या एखाद्या वस्तीत सापडते.