घटस्फोटातील मालमत्तेचा निवाडा

विवाह कायद्याने संपुष्टात येताना पतिपत्नींच्या वस्तू, दागिने, घर व जमीन यांविषयी होणारा निर्णय. बोलण्यात यालाही ‘वाटणी’ म्हणतात. पण वाटणी भाऊबंदांत होते. गोव्याच्या नागरी कायद्यातील निम्म्या हिश्शासारखी तरतूद हिंदू विवाह अधिनियमात (१९५५) नाही. मालमत्ता सामान्यतः ज्याची त्याच्याकडे राहते. स्त्रीधन, म्हणजे स्त्रीला लग्नात वा एरवी मिळालेले तिचे स्वतःचे धन, कोणाच्याही ताब्यात असले, तरी ते पत्नीचेच.

मनुस्मृतीत (९.१९४) स्त्रीधनाचे सहा प्रकार आहेत. याज्ञवल्क्यस्मृती (इसवी सनाची पहिली काही शतके, निश्चित काळ विवाद्य) त्यांत ‘आधिवेदनिक’, म्हणजे पतीने दुसरी पत्नी करताना पहिलीला द्यावयाचे धन, घालते. पूर्वी स्त्रीधन दिले नसल्यास दुसऱ्या लग्नाच्या खर्चाइतके, दिले असल्यास ‘अर्ध’ द्यावे, असा नियम आहे. विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरा’ या याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेनुसार (अकराव्या शतकाची अखेर किंवा बाराव्याचा आरंभ) हे ‘अर्ध’ नेमके निम्मे नव्हे. आधीचे धन धरून भरपाई होईल इतके. आजच्या पोटगीचे मूळ येथे शोधण्याचा मोह होतो. मात्र आधिवेदनिकात पहिला विवाह टिकून राहतो, हा भेद मोठा आहे.

मिताक्षरा ‘स्त्रीधन’ शब्दाचा व्युत्पत्तीने येणारा व्यापक अर्थ, म्हणजे स्त्रीचे कोणतेही धन, घेते. नीलकंठाचा व्यवहारमयूख हा धर्मशास्त्रग्रंथ (सतराव्या शतकाचा पूर्वार्ध) वारसासाठी पारिभाषिक, म्हणजे स्मृतींत नावानिशी सांगितलेले, व इतर स्त्रीधन वेगळे करतो. ब्रिटिश न्यायालयांनी अहमदनगर व खानदेशात दोन्ही ग्रंथ जवळजवळ समान प्रमाण मानले. नाशिक जिल्हा १८६९ मध्ये याच दोन जिल्ह्यांच्या भागांतून झाला, त्यामुळे तोही याच पट्ट्यात धरणे युक्त दिसते. स्त्रीला तिच्या मालमत्तेची पूर्ण मालक ठरवणाऱ्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या (१९५६) कलम १४ नंतर या भेदाचे व्यावहारिक महत्त्व फारसे उरले नाही.

प्रचलित कायद्यात हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २७ नुसार लग्नात किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंबाबत न्यायालय हुकूमनाम्यातच तरतूद करू शकते. बाळकृष्ण कदम विरुद्ध संगीता कदम (१९९७) या निकालाने लग्नाशी संबंध जोडता येणाऱ्या, आधी वा नंतर मिळालेल्या वस्तूही त्यात आणल्या. प्रतिभा राणी खटल्याने (१९८५) स्त्रीधन सामाईक होत नाही, असे ठरवले होतेच. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देऊ पाहणारे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत २०१३ मध्ये संमत होऊनही पुढे व्यपगत झाले.

दीर्घ विभक्ततेने हक्क आपोआप बुडत नाही. कृष्णा भट्टाचार्जी खटल्यात (२०१५) सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीधन अडकवून ठेवणे हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली चालू राहणारा अपराध मानला. बाई दहा-पंधरा वर्षे माहेरी राहिली की खरी अडचण पुराव्याची होते. लग्न ठरताना केलेल्या ‘याद्या’, सराफ बाजारातील पावत्या, रुखवताचे फोटो यांवर मग सगळी भिस्त. मोडून नव्याने घडवलेल्या सोन्याचा माग काढणे त्याहून कठीण.

शेतजमिनीचा प्रश्न वेगळा. चांदवड (जि. नाशिक) येथे नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे मोठे अधिवेशन भरले. शेतकरी संघटनेने पुढे पत्नीच्या नावे जमीन करण्याची ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम चालवली. तथापि सातबारा हा महसुली अभिलेख आहे. त्यावर केवळ नाव असल्याने मालकी सिद्ध होत नाही. बक्षीसपत्र वा खरेदीखत असल्यास पत्नीची बाजू भक्कम होते.