स्वभाव म्हणून खपलेले श्रम

दिवसभरात कोणाशी भांडण झालेलं नसतं, जड काही उचललेलं नसतं, तरी संध्याकाळी कोणाशी एक शब्दही बोलू नये असं वाटतं. वरिष्ठांच्या खोचक बोलण्यावर राग गिळलेला असतो, तक्रार घेऊन आलेल्या माणसासमोर आवाज मऊ ठेवलेला असतो, दुखावलेल्या सहकाऱ्याची समजूत घातलेली असते. हेही कामच आहे, हे ठामपणे म्हटलं जायला विसाव्या शतकाचं नववं दशक उजाडावं लागलं.

१९११ साली फ्रेडरिक टेलरने मांडलेलं शास्त्रीय व्यवस्थापन हातांच्या हालचाली आणि मिनिटं मोजत होतं. १९२४ पासून शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात झालेल्या प्रयोगांनंतर कामगाराच्या मनाकडे लक्ष गेलं, पण रोख उत्पादनावरच राहिला. पुढे कामाची जागाच बदलली. यंत्रापुढचा माणूस काउंटरमागे आणि टेलिफोनवर आला. पांढरपेशा नोकरदार वेळ आणि शक्तीबरोबर आपलं व्यक्तिमत्त्वही विकतो, हे सी. राइट मिल्स या समाजशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच लिहून ठेवलं होतं.

या श्रमांना नाव दिलं ते अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी, १९८३ च्या ‘द मॅनेज्ड हार्ट’ या पुस्तकात: भावनिक श्रम. त्यांनी अभ्यासलेले दोन व्यवसाय एकमेकांच्या अगदी उलटे होते. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी प्रवाशाला आपलंसं करायचं, तर थकबाकी वसूल करणाऱ्यांनी समोरच्याला धाकात ठेवायचं. भावना मात्र दोघांनाही मालकाला हवी तशीच दाखवायची होती. नुसता चेहरा हसरा ठेवणं हा वरवरचा अभिनय. उर्मट प्रवाशाबद्दल मनातच सहानुभूती उभी करायची, हा खोल अभिनय, आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो, कारण आपल्याला खरंच काय वाटतंय याचा अंदाजच माणूस हरवून बसू शकतो. अमेरिकेतल्या नोकरदारांपैकी सुमारे एक तृतीयांश, आणि नोकरदार स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या, अशा कामात आहेत, असा हॉक्शिल्ड यांचा तेव्हाचा अंदाज होता. स्त्रियांचं प्रमाण जास्त, आणि हसतमुखपणा हा त्यांचा स्वभावच मानला जात असल्याने त्याचा मोबदला मागायची सोयच नव्हती.

दुसरा धागा बर्नआउटचा, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने माणूस पुरता थकून जाण्याचा. १९७४ मध्ये मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यांत राबणाऱ्यांची ही अवस्था वर्णन केली. १९८१ मध्ये क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी ती मोजण्याची प्रश्नावली प्रसिद्ध केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. ही मान्यता मोलाची आहे. तरी बर्नआउट म्हटलं की आपण थकलेल्या माणसाकडे पाहतो. त्याच्याकडून रोज काय मागितलं जात होतं, ते मागे पडतं.

हॉक्शिल्ड यांच्या मांडणीत समोर ग्राहक होता. सहकाऱ्यांमधली ओढाताण पुढच्या संशोधकांनी विचारात घेतली. पण बैठकीतला ताण निवळवणाऱ्या माणसाच्या वार्षिक मूल्यमापनात आजही बहुधा एवढंच लिहिलं जातं: स्वभाव चांगला आहे.