बिस्किट शुगर फ्री आहे हो, पण मैद्याचं काय?

डायबेटिस असलेल्या माणसाला मधल्या वेळेत भूक लागली की पहिला हात जातो शुगर फ्री बिस्किटाकडे, पाकिटावर तसं लिहिलंय ना, मग झालं! आता तेच पाकीट उलटं करा आणि मागचा बारीक टाइप वाचा. साखर शून्य असेलही, पण टोटल कार्बोहायड्रेट बऱ्याचदा १०० ग्रॅममागे ६०-७० ग्रॅम निघतं. त्यातलं बरंचसं मैद्याचं. मैदा म्हणजे स्टार्च, स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या, आणि त्या तुटायला तोंडातल्या लाळेपासूनच सुरुवात होते. जिभेला गोड लागलं नाही म्हणून रक्ताला कळणार नाही असं थोडंच आहे.

एक साधा हिशोब करून बघा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त, शुगर १०० असेल (म्हणजे दर १०० मिलीलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज) तर त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? फक्त ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा! आणि चार बिस्किटांतून सहज २० ग्रॅम कार्ब आत जातात. इन्सुलिन नीट काम करत असेल तर ते ग्लुकोज पटापट पेशींमध्ये जातं आणि लिव्हरमध्ये साठतं, डायबेटिसमध्ये तिथेच गाडी अडते आणि शुगर चढलेली राहते. म्हणून खाणं गोड आहे की नाही यापेक्षा त्यात कार्ब किती आणि ते रक्तात किती झपाट्याने उतरतात ते बघायचं.

हा झपाटा मोजायला १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लायसेमिक इंडेक्स आणला. आयडिया चांगली, पण तक्ता पाठ करून खाणाऱ्यांचा घोळ होतो, कारण इंडेक्समध्ये तुम्ही किती खाल्लं ते येतच नाही. ग्लुकोजचा आकडा १०० धरला तर कलिंगडाचा बऱ्याच तक्त्यांत ७२ च्या आसपास दिसतो आणि लोक घाबरतात, पण १०० ग्रॅम कलिंगडात कार्ब असतात जेमतेम ७-८ ग्रॅम, बाकी जवळपास सगळं पाणी. दोन-चार फोडींनी फार बिघडत नाही, अख्खं कलिंगड संपवलं तर मग काय बोलणार.

मला स्वतःला जास्त आवडतो तो १९७७ चा सफरचंदाचा प्रयोग. निरोगी माणसांना तितक्याच कार्बचं सफरचंद तीन प्रकारे दिलं, अख्खं, कुस्करून आणि फायबर काढून टाकलेला ज्यूस. अख्खं खायला जेवढा वेळ लागला त्याच्या अकराव्या हिश्श्यात ज्यूस संपला. गंमत म्हणजे सुरुवातीला शुगर तिन्हींत सारखीच वाढली, पण ज्यूसवाल्यांचं इन्सुलिन जास्त उसळलं आणि मग शुगर जास्त खाली घसरली. पोट भरल्यासारखंही ज्यूसने सगळ्यात कमी वाटलं. म्हणजे फळ चावून खा, मिक्सरला लांब ठेवा.

आणि फळ एकटं खाऊ नका, सोबत थोडे बदाम किंवा शेंगदाणे घ्या. फॅट आणि प्रोटीनमुळे पोट हळूहळू रिकामं होतं, आतड्यातून जीएलपी-१ नावाचं हार्मोन सुटतं, ते इन्सुलिनला मदत करतं आणि भूकही आवरतं. ३० ग्रॅम बदामात कार्ब ६-७ ग्रॅमच, त्यातलाही निम्मा भाग फायबर. पण कॅलरी १७० च्या वर जातात, तेव्हा टीव्हीसमोर डबा घेऊन बसायचं नाही, वाटीत काढून घ्यायचं. उकडलेलं अंडं, साधं दही, भाजलेले चणे, काकडी हेही चालतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथे प्रोटीन आणि पोटॅशियमचा वेगळाच हिशोब असतो.

मधल्या वेळी खाल्लंच पाहिजे असाही नियम नाही बरं का. डायबेटिसच्या नुसत्या मेटफॉर्मिन गोळीवर असाल आणि भूक नसेल तर बळेच कशाला खायचं? इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर गोष्ट वेगळी, तिथे शुगर खाली जाऊ शकते. ७० च्या खाली गेली की वरचं सगळं बाजूला ठेवायचं, तेव्हा बदाम नको, चॉकलेटही नको, कारण फॅट वेळ खातं. माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी परत चेक करायचं. सोबत अकार्बोज किंवा व्होग्लिबोज ही डायबेटिसची गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, तिचं विघटन ती गोळीच अडवून धरते, म्हणून अशा पेशंटच्या खिशात ग्लुकोजचीच पुडी हवी.