नोटा जिंकला तरी आमदार निवडून येतोच

कापूस वेचणीच्या दिवसांत निवडणूक आली की आमच्या गावच्या पारावर नोटाबद्दल, म्हणजे मतयंत्रावरच्या 'वरीलपैकी कोणीही नाही' या पर्यायाबद्दल, एक गोष्ट हमखास ऐकू येते: 'नोटाले सगळ्यात जास्त मतं पडली की निवडणूक रद्द, अन् हे उमेदवार पुन्हा उभेच राहू शकत नाहीत.' विधानसभा-लोकसभेसाठी हे खरं नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालाने नोटाचं बटण आलं. पण समजा हजार मतांपैकी नोटाला 600, एकाला 250 आणि दुसऱ्याला 150 पडली, तर 250 वालाच निवडून येतो. अनामत वाचली की गेली, त्या हिशोबातही नोटा धरत नाहीत. 2019 मध्ये लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता, निकालावर ढिम्म परिणाम झाला नाही.

ही अफवा अगदी हवेतली मात्र नाही. 2018 मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नगरपालिका-महानगरपालिकांसाठी, नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तर फेरनिवडणूक घ्यायची, असा आदेश काढला. पण त्यातही तेच उमेदवार पुन्हा उभे राहू शकतात.

मला वाटतं, मतदाराला खरा पर्याय हवा असेल तर आपल्याच अमरावती, नागपूरच्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाकडे बघावं. तिथे बटण नसतं. गावातले पदवीधर जांभळ्या शाईच्या पेनाने नावापुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहितात. पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाला, तर मत दुसऱ्याकडे जातं, वाया जात नाही. हा हक्क पदवी नसलेल्या आमच्या आईलाही मिळायला हवा.