विक्रीतील सूट आणि जीएसटीची आकारणी

ग्राहकाला दिलेली सूट दुकानाचे बिलिंग सॉफ्टवेअर किमतीतून केव्हा आणि कोणत्या वस्तूवर वजा करते, यावर बिलातला कर ठरतो. भारतात १ जुलै २०१७ पासून लागू असलेल्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५(३) नुसार, विक्रीच्या वेळी किंवा त्याआधी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट करपात्र मूल्यात धरली जात नाही. आधी सूट, मग कर.

हा क्रम उलटला तरी चूक सहसा लपून राहते. १०० रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर आणि १० टक्के सूट असेल, तर दोन्ही रीतींनी ग्राहक १०६.२० रुपयेच देतो. मात्र बरोबर रीतीने कर १६.२० रुपये होतो, उलट्या रीतीने १८, वरचे १.८० दुकानदाराच्या गल्ल्यातून जातात. सूट टक्क्यांऐवजी १० रुपये अशी ठोक असेल, तर ती करानंतर वजा केल्यास ग्राहकाला १०८ रुपये पडतात. एमआरपी सर्व करांसह छापलेली असल्यामुळे तिथे सूट वजा करून उरलेल्या रकमेतून कर मागे काढतात: १०६.२० ला १८ ने गुणून ११८ ने भागायचे.

संपूर्ण बिलावर सूट दिली की ती वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटण्याची रीत आहे. १,००० रुपयांची एक वस्तू ५ टक्क्यांची, तेवढ्याच किमतीची दुसरी १८ टक्क्यांची आणि एकूण सूट २०० रुपये, असे असेल तर कर ४५ अधिक १६२, म्हणजे २०७ रुपये होतो. सगळी सूट दुसऱ्याच वस्तूवर टाकली तर तो १९४ वर येतो.

खरी गुंतागुंत कपड्यांत आहे, कारण तिथे सुटीमुळे कराचा दरच बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रति नग २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी आहे. (आधी ही मर्यादा १,००० होती आणि दर ५ व १२ टक्के.) कर सोडून ३,००० रुपये किमतीचा कुर्ता करासह ३,५४० ला पडतो, २० टक्के सूट दिली की किंमत २,४०० होते, दर ५ टक्क्यांवर येतो आणि ग्राहक २,५२० देतो. किमतीत कर धरलेला असेल तर मात्र पेच पडतो. सूट जाऊन २,७०० रुपये उरले, त्यातून १८ टक्क्यांनी कर काढला की मूळ किंमत २,२८८.१४ येते, म्हणजे दर ५ टक्के हवा. ५ टक्क्यांनी काढला की २,५७१.४३, म्हणजे दर १८ टक्के हवा. २,६२५ च्या वर २,९५० पर्यंतच्या प्रत्येक किमतीला सॉफ्टवेअर असेच गोल फिरते. गंमत म्हणजे ५ टक्क्यांनी २,६२५ ला विकले काय किंवा १८ टक्क्यांनी २,९५० ला विकले काय, दुकानदाराच्या हाती २,५०० च राहतात. या पट्ट्यात सूट थोडी वाढवून २,६२५ वर येणे हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रत्येक सवलत ही करदृष्ट्या सूट नसते. कार्डावरच्या ऑफरचे पैसे बँक दुकानदाराला भरून देत असेल, तर त्याला पूर्ण किंमत मिळालेली असते आणि करही पूर्ण किमतीवर लागतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा विक्रीकरही असाच भेद करतो: दुकानाच्या स्वतःच्या कूपनाने करपात्र रक्कम घटते, उत्पादकाच्या कूपनाने घटत नाही. ‘एकावर एक फ्री’ बद्दल ७ मार्च २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकाने (क्र. ९२) खुलासा केला की त्यात काही फुकट नसते, एका किमतीत दोन वस्तू विकल्या जातात.

परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटसाठी (म्हणजे बिलातली रक्कम कमी करणाऱ्या कागदासाठी) सॉफ्टवेअरने वाटलेली सूट ओळीओळीने जपून ठेवावी लागते. २०० रुपये सुटीच्या वरच्या उदाहरणातली १८ टक्क्यांची वस्तू परत आली, तर ग्राहकाला १,१८० नव्हे, १,०६२ रुपये द्यायचे असतात.