फाटलेलं मुखपृष्ठ टाकून देऊ नका
जुनी पुस्तकं आणि दिवाळी अंक बांधायला देणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"वरचं फाटकं काढून टाका आणि छान कापडी बांधणी करून द्या," असं बरेच ग्राहक सांगतात. अशा वेळी आम्ही काम हाती घेण्याआधी तुमच्याशी थोडं बोलतो. जुन्या मराठी पुस्तकांत चित्रकाराचं नाव आतल्या पानांवर असेलच असं नाही. कित्येकदा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली सही हाच त्याचा एकमेव पुरावा असतो. मुखपृष्ठ गेलं की पुस्तक लेखकाचं राहतं, पण चित्रकार त्यातून कायमचा जातो.

दीनानाथ दलाल (1916–1971) मूळचे मडगावचे. मुंबईत त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारला, असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठं केली आणि 1945 पासून 'दीपावली' अंक काढला. लोक त्या अंकातल्या कथा वाचत आणि चित्रं कापून भिंतीवर लावत. म्हणूनच जुने अंक बांधायला घेताना आम्ही पानं मोजून घेतो आणि मधली रंगीत पानं नसतील तर तसं पावतीवर लिहितो.

रघुवीर मुळगावकर (1918–1976) हेही गोव्याचेच. कॅलेंडरांवरच्या त्यांच्या देवदेवता घरोघरी होत्या. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही त्यांनी केली. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड या त्यांच्या नायकांच्या कथांसाठी वाचनालयांत नंबर लागायचे, पण समीक्षकांनी या पुस्तकांना साहित्यात फारसं धरलं नाही. हलक्या कागदावरची ही पुस्तकं हातोहात फिरून झिजली. मग वाचनालयांनी मुखपृष्ठं काढून चार-पाच कथा एका पुठ्ठ्यात बांधल्या. वाचकाला दुकानात थांबायला लावणारं चित्र असं आमच्याच व्यवसायाच्या हातून नष्ट झालं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. तुमच्याकडे अशी एखादी कथा मुखपृष्ठासह असेल, तर ती दुसऱ्या कथेबरोबर एकत्र बांधू नका. तिच्यासाठी आम्ही स्वतंत्र पुठ्ठ्याची पेटी करून देतो.

वसंत सरवटे (1927–2016) यांची गोष्ट वेगळी आहे. कोल्हापूरचे सरवटे पेशाने इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर चित्रं काढली. 'ललित' मासिकात जयवंत दळवी 'ठणठणपाळ' या नावाने साहित्यिकांची फिरकी घेत. लेखक टोपणनावामागे होता, पण सरवट्यांनी त्याला असा चेहरा दिला आणि हाती असा हातोडा दिला, की वाचकांच्या मनात ठणठणपाळ म्हणजे तेच चित्र झालं. लेखकाच्या शब्दांत चित्रकार केवढी भर घालू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला माहीत नाही. 'ललित'चे जुने अंक वर्षवार बांधून घेताना मात्र मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढायला सांगण्याची पद्धत आहे. कृपया तसं करू नका. कोणतं पुस्तक कधी आलं, त्याचा गाजावाजा कसा झाला, हे त्या जाहिरातींतूनच कळतं.

मुलांच्या पुस्तकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त फाटतात ती हीच. 'राधाचं घर' आणि 'यश' यांसारख्या पुस्तकांच्या माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि चित्रंही स्वतःच काढतात. त्यांना 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. अशा पुस्तकांत अर्धी गोष्ट चित्रात असते. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एकच चित्र असेल आणि बाइंडरने कडेने भोकं पाडून शिवलं, तर मधला बोटभर भाग शिवणीत जातो. तिथे एखादं मांजर किंवा मुलाचा हात असू शकतो. म्हणून चित्रपुस्तकं आम्ही पानांच्या मधल्या घडीतूनच शिवतो. याला वेळ जास्त लागतो आणि मजुरीही थोडी जास्त पडते.

मुखपृष्ठ वाचवण्यासाठी आम्ही त्याला मागून पातळ कागदाचं अस्तर लावतो, तेही खळीने. पुढे कधी काढायचं झालं तर खळ पाण्याने सुटते. मुखपृष्ठ फारच नाजूक असेल तर ते शेवटच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कागदी खिशात ठेवून देतो. कडा मशीनवर कापून सारख्या करत नाही, कारण चित्रकाराची सही बहुधा कडेलाच असते. गंजलेल्या पिना काढतो आणि त्याऐवजी दोरा घालतो.

आमच्याकडे येईपर्यंत फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका. त्याचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि काढताना रंगही निघतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा निघत नाही. सुटे तुकडे, अगदी नखाएवढे असले तरी, एका पाकिटात घालून पुस्तकासोबत आणा.